‘सर्व्हर बंद आहे’ हे उत्तर नव्हे

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात कागदाने केलेला घात कुणालाही नवा नाही. ज्याला वाचता येत नव्हते त्याचा अंगठा आधी घ्यायचा आणि वरचा मजकूर नंतर सोयीने भरायचा, या रीतीने सावकारांनी वारल्यांच्या जमिनी गिळल्या आणि माणसे वेठीला जुंपली. १९४५ साली झरी येथे जमलेल्या वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली ती वेठ नाकारली. नोंद कुणाच्या हाती आहे, ती कोण बदलू शकतो आणि बदलली तर ते उघडकीला कसे येते, हा प्रश्न जमिनीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हा त्या काळाने शिकवलेला एक धडा होय.

आज ती नोंद तलाठ्याच्या दप्तरातून सर्व्हरवर गेली आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून मिळू लागला. शिधापत्रिका, जातीचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती यांचेही तेच झाले आहे. या बदलाला विरोध करण्याचे कारण नाही. दप्तर बगलेत मारून फिरणाऱ्या बाबूची मिरास त्याने काही अंशी तरी मोडली. परंतु मिरास मोडली म्हणून घाताची शक्यता संपली, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

सर्व्हरवर घातक आज्ञावली घुसवणे म्हणजे काय, हे समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. संकेतस्थळावरील अर्जात नावाचा एक रकाना असतो. अर्जदाराने तेथे नाव लिहावे, अशी अपेक्षा. घुसखोर तेथे नावाऐवजी यंत्राला उद्देशून हुकूम लिहितो. अर्जदाराचा मजकूर आणि यंत्राला द्यावयाचा हुकूम यांच्यामध्ये आज्ञावली लिहिणाऱ्याने भिंत घातलेली नसेल, तर सर्व्हर तो हुकूम निमूटपणे पाळतो. छायाचित्र जोडण्याच्या जागी छायाचित्राऐवजी चालणारी आज्ञावली चढवली, तर मागील दार कायमचे उघडे राहते. कोऱ्या कागदावरील अंगठ्याचीच ही नवी आवृत्ती होय. ही युक्ती १९९८ पासून जाहीरपणे मांडली गेलेली आहे आणि तिच्यावरील उपायही जुने आहेत. म्हणून आजही एखादे सरकारी संकेतस्थळ तिला बळी पडले, तर त्याला दैवी आपत्ती म्हणता येणार नाही. ती हलगर्जी असते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ज्या ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या ठाणे शहराच्या पोलीस आयुक्तालयाचे संकेतस्थळ जून २०२२ मध्ये घुसखोरांनी ताब्यात घेतले आणि त्यावर आपला संदेश झळकवला. घुसखोर मिरवला, म्हणून ते सर्वांना दिसले. खरे भय न मिरवणाऱ्याचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा कुणी फलक लावला नव्हता. बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्या घातक आज्ञावलीने पैसे काढण्याच्या खोट्या मागण्यांना परस्पर मंजुरी दिली आणि अनेक देशांतील यंत्रांमधून नोटा बाहेर पडल्या. पैसे गेले तर हिशेब तरी जुळत नाही. उताऱ्यावरचे एखादे नाव किंवा क्षेत्राचा एखादा आकडा गुपचूप बदलला, तर ते कुणाच्या लक्षात येणार? ज्याचे नाव आहे तो पाड्यावर राहतो आणि उतारा वर्षानुवर्षे काढत नाही.

म्हणूनच तपासाच्या रीतीला महत्त्व आहे. घाईने सर्व्हर पुसून ‘सेवा पूर्ववत’ झाल्याचे जाहीर करणे म्हणजे पंचनाम्याआधीच रक्त धुऊन टाकणे. प्रथम सर्व्हरची जशीच्या तशी प्रत राखून ठेवली पाहिजे. मग भेटींच्या नोंदी तपासून पहिली घुसखोरी कोणत्या दिवशी, कोणत्या रकान्यातून झाली, हे शोधले पाहिजे. मूळ फायलींशी आजच्या फायली ताडून पाहाव्यात. नव्याने उपटलेली खाती आणि ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे धुंडाळावीत. त्यानंतर स्वच्छ प्रतीवरून उभारणी करून सर्व परवलीचे शब्द बदलावेत. मूळ भोक बुजवले नाही, तर चोर त्याच वाटेने परत येतो.

प्रतिबंधही असाच साधा, परंतु नित्याचा आहे. अर्जातील मजकुराला हुकमाचा दर्जा कधीही मिळता कामा नये. कागदपत्रे चढवण्याच्या जागी कोणतीही आज्ञावली चालता कामा नये. प्रत्येक खात्याला कामापुरताच अधिकार असावा. दुरुस्त्या वेळेवर व्हाव्यात आणि एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवलेली असावी. अडचण ज्ञानाची नाही. संकेतस्थळ उभारण्याचा ठेका निघतो, उद्घाटन होते. ते वर्षानुवर्षे राखण्याची जबाबदारी मात्र कुणाची, हे ठरत नाही.

कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संकेतस्थळात घातक आज्ञावली घुसवली गेल्यास ती घटना सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे सरकारी संस्थांनाही बंधनकारक आहे. मात्र हे कळवायचे ‘सर्ट-इन’ला, जनतेला नव्हे. शिवाय भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा अपवाद सोडता, नोव्हेंबर २०२३ मध्ये ही संस्था माहितीच्या अधिकाराच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. ज्याची माहिती फुटली किंवा बदलली त्याला कळवावे, असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो. परंतु त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या तरतुदीला आणखी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. नोंद जनतेची, नुकसान जनतेचे आणि तपास मात्र बंद दाराआड, ही रीत लोकशाहीला शोभणारी नाही.

एक दिवसाची मजुरी बुडवून तलासरीला आलेल्या बाईला ‘सर्व्हर बंद आहे, उद्या या’ एवढेच ऐकवले जाते. तो का बंद आहे, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. घुसखोरी झाल्यास बाधितांना मराठीत, लेखी आणि ग्रामसभेत कळवावे. तपासाचा निष्कर्ष, सुरक्षेपुरता गाळून का होईना, प्रसिद्ध करावा. सर्व्हरवरील नोंद बदलली म्हणून हातातील जुना कागद खोटा ठरवू नये. संशयाचा फायदा कसणाऱ्याला मिळावा. आणि डहाणू-तलासरीच्या प्रत्येक गावात वर्षातून एकदा सातबाऱ्याचे चावडीवाचन नेमाने व्हावे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला मान दिलेला आहे. तो मान येथे वापरला पाहिजे.

सर्व्हरमधील मुका बदल यंत्राला कदाचित कळणार नाही. पण नाव मोठ्याने वाचले गेले की, ती जमीन कोण कसतो हे ठाऊक असलेले शंभर शेजारी तेथे बसलेले असतात. त्यांच्यासमोर नोंद आणण्याची टाळाटाळ कोण करतो, यावर संघटनांनी आता डोळा ठेवला पाहिजे.