शाल गवंड्याच्या खांद्यावर
३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, गावोगावी सत्कार होतात. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात असा सत्कार ठरला, तर पहिली शाल दवाखान्याचा किंवा शाळेचा रॅम्प नीट बांधणाऱ्या गवंड्याच्या खांद्यावर पडावी, असं मला मनापासून वाटतं. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरली, तरच चाकाची खुर्ची दुसऱ्याच्या आधाराशिवाय वर जाते. त्याहून उभा चढ धोक्याचा. शिवाय कठडा हवा, वर खुर्ची वळवायला जागा हवी. चाकाच्या खुर्चीवरून माणूस काय उभं करू शकतो, ते बघा. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन उमेदीत कमरेखाली पक्षाघात झाला. स्वतः दिव्यांग असलेल्या बाबूकाका दिवाणांनी त्यांना उभारी दिली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही त्यांची संस्था सुरू झाली. वसतिगृह, शिक्षण, रोजगार असं सगळं तिथं उभं राहिलं. (त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन जरूर वाचा.) गावातल्या अशा सोयींना पैसा लागतो, आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत उभं राहून मागणारा माणूस, माझ्या लेखी, दुसऱ्या शालीचा मानकरी.