जमीन देणारा हात आणि बंदूक धरणारा हात

मेक्सिकोचे अध्यक्ष आदोल्फो लोपेझ मातेओस ऑक्टोबर १९६२ मध्ये भारत दौऱ्यावर आले होते. शांततेचे पुरस्कर्ते, गरिबांचे कैवारी, डाव्या वळणाचे नेते अशी त्यांची ख्याती होती. या दौऱ्याच्या पाच महिने आधी, २३ मे १९६२ रोजी, त्यांच्या देशातल्या मोरेलोस प्रांतात सैनिक आणि पोलिसांनी भूमिहीनांच्या एका नेत्याला घरातून उचलले. सोबत त्याची गरोदर पत्नी एपिफानिया आणि तीन मुलगेही होते. शोचिकाल्कोच्या प्राचीन अवशेषांजवळ नेऊन पाचही जणांना गोळ्या घातल्या. त्या नेत्याचे नाव रूबेन हारामियो.

जमीन वाटणाऱ्या राजवटीतच जमीन मागणाऱ्याचा खून कसा होतो? 'गरिबांसाठी काम करणारे सरकार' हे शब्द ऐकले की टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नापाशी थांबलेच पाहिजे.

आधी श्रेय देऊ, कारण खोटी टीका आपल्या कामाची नाही. १९५८ ते १९६४ या सहा वर्षांत लोपेझ मातेओस यांनी सरकारी दाव्यानुसार सुमारे १ कोटी ६० लाख हेक्टर जमीन वाटली. लाझारो कार्देनास यांच्यानंतर तोवर कोणत्याही अध्यक्षाने इतकी वाटली नव्हती. १९५९ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना मोफत पाठ्यपुस्तके देण्याची योजना सुरू झाली. त्याच वर्षी सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सामाजिक सुरक्षेची संस्था उभी राहिली. १९६० मध्ये वीज उद्योग राष्ट्राच्या मालकीचा झाला. अमेरिकेचा दबाव असताना क्युबाशी संबंध तोडले नाहीत. आपले सरकार संविधानाच्या चौकटीत राहून टोकाचे डावे आहे, असे ते स्वतःच सांगत. ज्या पोराच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पुस्तक आले, त्याच्यासाठी ही मोठीच गोष्ट होती.

पण देणाऱ्याच्या अटी काय होत्या?

१९५९ च्या मार्चमध्ये रेल्वे कामगारांनी संप केला. त्यांची मागणी पगारापुरती नव्हती. सत्ताधारी पक्षाच्या खिशातले पुढारी झुगारून त्यांनी देमेत्रिओ वायेहो यांना स्वतः निवडले होते. सरकारने लष्कर उतरवले, हजारो कामगारांना कामावरून काढले आणि वायेहोंना अकरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले. राजकीय कैद्यांची बाजू घेणारे चित्रकार सिकेरोस यांनाही १९६० मध्ये गजाआड केले. 'समाजविघटन' नावाचा गुन्हाच कायद्यात होता. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना अशा शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हारामियोंचे प्रकरण तर याहून बोलके आहे. किशोरवयात ते झपाटांच्या शेतकरी सैन्यात लढले होते. पुढे साखर कारखान्याच्या भ्रष्ट व्यवस्थापनाविरुद्ध उभे राहिले आणि अनेकदा भूमिगत झाले. लोपेझ मातेओस यांनी त्यांना माफी दिली, गळाभेटही घेतली. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. मग हारामियोंनी हजारो भूमिहीनांना घेऊन मिचापा आणि एल ग्वारिन इथल्या माळरानांवर हक्क सांगितला. जमीन खात्याने आधी अनुकूलता दाखवली, बड्या पशुपालकांनी विरोध करताच पाय मागे घेतला आणि वसलेल्या लोकांना लष्कराने हुसकावले. त्यानंतर हा खून. त्यासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

हुकूम खुद्द अध्यक्षांनी दिला का, यावर वाद घाला. पण लष्कराचे सर्वोच्च सेनापती कोण होते? आणि मारेकऱ्यांना मोकळे कोणी सोडले?

इथे व्यवस्था समजून घ्यावी लागते. १९१७ च्या मेक्सिकन संविधानाच्या २७ व्या कलमात गावाचा जमिनीवरचा हक्क लिहिलेला होता. तरी प्रत्येक वाटपाचा अंतिम निर्णय अध्यक्षांच्या सहीने होई. शेतकऱ्यांची अधिकृत संघटना सत्ताधारी पक्षाचाच एक विभाग होती, कामगारांचीही तशीच. म्हणजे हक्क कागदावर आणि व्यवहारात मेहेरबानी. रांगेत उभा राहील त्याला जमीन, स्वतःची संघटना बांधील त्याला तुरुंग किंवा गोळी. आजच्या भाषेत सांगायचे तर या राजवटीला लाभार्थी हवे होते, हक्कदार नको होते.

संस्कृतीतही हेच झाले. १९६४ मध्ये मेक्सिको सिटीत भव्य मानववंशशास्त्र संग्रहालय उभे राहिले. त्याच्या दारात मांडायला कोआत्लिंचान गावातून पर्जन्यदेव त्लालोकची म्हणून ओळखली जाणारी, सुमारे १६७ टनांची दगडी मूर्ती आणायची होती. गावकऱ्यांनी विरोध केला, वाहतुकीच्या साधनांची मोडतोड केली. गावात सैन्य आले. बदल्यात शाळा, दवाखाना, रस्ता यांची आश्वासने दिली गेली आणि मूर्ती राजधानीत गेली. प्राचीन आदिवासी संस्कृती राष्ट्राची शान आणि आजचा आदिवासी गावकरी राष्ट्राच्या वाटेतला अडथळा! स्मारकांच्या भूमिपूजनाला गर्दी करणाऱ्या आपल्या तरुणांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

लोपेझ मातेओस यांच्यानंतर त्यांचेच गृहमंत्री दियास ओर्दास अध्यक्ष झाले. २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. राजकीय कैद्यांना सोडा आणि 'समाजविघटना'चे कलम रद्द करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पाठ्यपुस्तके आणि वीज हा त्या सहा वर्षांचा वारसा आहे, तसे हे कलम आणि ही बंदूकही.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये दोन गोष्टी एकत्र मागितल्या होत्या. शेतजमीन राज्याच्या मालकीची करून तिची हमी संविधानातच द्या, आणि अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडू द्या. आपण पहिली मागणी भाषणात सांगतो आणि दुसरी विसरतो. मेक्सिकोत पहिलीच्या जवळपास जाणारे कलम होते, दुसरी नव्हती. हारामियोंचा मृतदेह त्या उणिवेचा पुरावा आहे.

संग्रहालय उघडले सप्टेंबर १९६४ मध्ये. त्याच वर्षी ६ डिसेंबरला आपल्याकडे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला आणि लोक लाखोंच्या संख्येने तुरुंगात गेले. ती ताकद कोणाच्या कृपेची नव्हती, स्वतःच्या संघटनेची होती. पुढे रिपब्लिकन नेतृत्व कोणाच्या मांडवाखाली गेले, ते तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून मित्रांनो, सरकार काय देते हे जरूर मोजा, मिळते ते हक्काने घ्या. पण उद्या आपल्या वस्तीतला एखादा हारामियो स्वतंत्र संघटना बांधून उभा राहिला, तर हेच सरकार त्याच्याशी कसे वागेल, हा प्रश्न प्रत्येक सत्ताधाऱ्याला विचारा. तो निळा झेंडा हातात घेऊन आलेला असला तरी विचारा.

जय भीम!