रांगेत पुढे कोण?

संगणकाच्या जाळ्यात सर्वांना सारखीच वागणूक मिळावी, असे आमचे काही मित्र ठासून सांगतात. ऐकायला छान, पण मला ते पटत नाही. फोनवरचे बोलणे १५० मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोहोचले तर खटकत नाही; उशीर वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात. ग्रंथालयातून उतरवून घेतलेले पुस्तक दोन मिनिटे उशिरा आले, तर कोणाचे काय बिघडते? तेव्हा रांगा वेगळ्या हव्यातच. त्या लावायच्या कोणी आणि कशावरून, हा खरा वाद.

हे काम स्विच नावाची पेटी करते. प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावरचा मजकूर ती वाचते : कोठून आले, कोठे चालले, कोणत्या कामाचे. आत मराठी आहे की कन्नड, याच्याशी तिला कर्तव्य नाही. (आपल्याकडे हेही थोडके नव्हे!) नियम बहुधा वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू पडेल तो खरा. वरच ‘सर्व’ असा ढोबळ नियम लिहिला, की खालचे बारकावे वाचलेच जात नाहीत. मग शिक्का बसतो. इथरनेटच्या टॅगमध्ये त्यासाठी ३ बिट, म्हणजे ८ वर्ग. आयपीच्या शीर्षात १९९८ पासून ६ बिट, म्हणजे ६४ शिक्के. बोलण्यासाठी ४६ हा शिक्का रूढ आहे. ज्याला कोणताच नियम लागत नाही ते ‘डिफॉल्ट’मध्ये, म्हणजे जमेल तेव्हा, जमेल तसे.

माझी तक्रार येथेच आहे. मी पाहिलेल्या एका संस्थेत कार्यालयातील प्रत्येक यंत्राचा पत्ता वरच्या वर्गात घातला होता. तेथे कोणी क्रिकेटची चित्रफीत लावली तरी ती पुढे, आणि शेवटच्या दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी डिफॉल्टमध्ये. त्यातून वरची रांग रिकामी झाल्याविना खाली पाहायचेच नाही, असा हुकूम असेल, तर अर्ज बसला ताटकळत! यंत्राने सांगितले तेच केले. सांगणाऱ्याने काम न पाहता खुर्ची पाहिली.

२०१३ साली बंद झालेल्या तारेतही साधी आणि एक्स्प्रेस असा भेद होता. पण तो तार करणाऱ्याला ठाऊक असे, जादा पैसे मोजून निवडताही येई. स्विचवरचे नियम मात्र यंत्रचालकालाच ठाऊक. ते उघड केले तर पोरे खोटे शिक्के मारतील, असे कोणी म्हणेल. मारोत! विद्यार्थ्यांच्या पोर्टवरून आलेला शिक्का मानायचाच नाही, माथा तपासून स्वतः नवा मारायचा, एवढे स्विचला सांगता येते. वरच्या रांगेला मर्यादाही घालता येते. गुप्तता हवी कशाला?

अर्थात सर्वांनाच वर चढवले तर रांग पुन्हा एकच, आणि वर्गीकरणाने वाहिनी काही रुंद होत नाही. म्हणूनच वर कोण, हे सर्वांना दिसले पाहिजे. पुढच्या सत्राचे वेळापत्रक लागेल त्याच फलकावर ही यादी लावावी, एवढीच मागणी. संगणक विभागातील मुले ती एका दुपारी सोप्या मराठीत आणि कन्नडात लिहून देतील.