मज्जेची चाचणी : सही करण्याआधी विचारा

आपल्या वस्त्यांमध्ये कुत्रा, मांजर, शेळी ही घरचीच मंडळी असतात. गंजमाळची भीमवाडी घ्या, पंचवटीतले फुलेनगर घ्या, रात्री दारात कोण आले हे माणसांच्या आधी कुत्र्याला कळते. तरीही आजारी कुत्रा घेऊन दवाखान्यात गेले की "तुम्हाला कशाला हवा हा खर्च?" असे ऐकवणारे भेटतातच. 1934 साली राजगृहात काढलेला बाबासाहेबांचा कौटुंबिक फोटो अनेकांच्या घरात आहे. त्यात माता रमाई आणि भय्यासाहेबांबरोबर बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. मुक्या जिवावर माया करण्याचा हक्क कुणा एका वर्गाचा नाही.

पण माया असली तरी माहितीही हवी. जनावराचे रक्त कमी झाले, ताप उतरत नाही, की डॉक्टर कधी कधी म्हणतात, "बोन मॅरो करावी लागेल." हा शब्द ऐकून घरात दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण घाबरून जनावर घरी आणतात आणि देवाच्या नव्हे तर नशिबाच्या हवाली करतात. काही जण बचत गटातून पैसे उचलून, काहीही न विचारता कागदावर सही करतात. मला दोन्ही पटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: चाचणीच्या उत्तराने उपचार बदलणार असतील तरच ती करावी, आणि ते बदलणार आहेत का हे विचारण्याचा पूर्ण अधिकार मालकाला आहे.

मज्जा म्हणजे काय?

मटणातली नळी आपण सगळ्यांनी चोखली आहे. त्या नळीतला मऊ भाग म्हणजे मज्जा. मोठ्या जनावराच्या नळीत बहुतेक पिवळी, चरबीची मज्जा असते. रक्त तयार करणारी लाल मज्जा कमरेच्या हाडात, छातीच्या हाडात आणि खांद्या-मांडीच्या हाडांच्या टोकाशी असते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स, तिन्ही तिथेच बनतात. कुत्र्याची तांबडी पेशी साधारण 110 ते 120 दिवस जगते, प्लेटलेट जेमतेम आठवडाभर. म्हणजे हा कारखाना रोज चालू राहावा लागतो. तो बंद पडला का, हे थेट पाहायचे असेल तेव्हा मज्जेचा नमुना घेतात.

आधी साध्या तपासण्या

रक्त कमी असणे म्हणजे मज्जा खराब असणे, असे मुळीच नाही. आपल्याकडे कारणे बहुतेक वेळा साधी असतात. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा. ती पांढरीफटक असेल तर पोटातले रक्त पिणारे जंत हे पहिले संशयित. कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आले, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उठले, तर आधी गोचीड शोधा.

गोचिडीतून कुत्र्याला एर्लिकिया नावाचा जंतू लागतो. सुरुवातीला ताप येतो, भूक जाते, प्लेटलेट्स घटतात. मग कुत्रा बरा झाल्यासारखा वाटतो आणि महिनोन्‌महिने जंतू अंगात दबा धरून राहतो. काही कुत्र्यांत शेवटी तो मज्जेवरच घाव घालतो आणि तिन्ही प्रकारच्या पेशी कमी होतात. सुरुवातीलाच ओळखला तर डॉक्सीसायक्लीनने हा आजार बहुधा आटोक्यात येतो. मात्र कोर्स साधारण 4 आठवड्यांचा असतो. आठ दिवसांत कुत्रा जेवू लागला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

म्हणून क्रम असा हवा: रक्ताची पूर्ण मोजणी म्हणजे सीबीसी, काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, गोचीडतापाची तपासणी, गरजेप्रमाणे मूत्रपिंडाची तपासणी. त्यासोबत रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी. कोवळ्या पेशी भरपूर दिसत असतील तर कारखाना चालू आहे आणि रक्त दुसरीकडे कुठेतरी जाते आहे किंवा फुटते आहे. मग मज्जा काढण्याची सहसा गरज नसते. मात्र रक्त नुकतेच गेले असेल तर या पेशी वाढायला 3 ते 5 दिवस लागतात, हेही ध्यानात ठेवा.

हे सगळे करूनही कारण सापडत नाही, दोन-तीन प्रकारच्या पेशी एकदम कमी आहेत, किंवा रक्तात कर्करोगासारख्या विचित्र पेशी दिसतात, तेव्हा मज्जेची चाचणी योग्य आहे. तेव्हा ती टाळणे हेही नुकसानच.

चाचणी कशी करतात?

जनावराला गुंगीचे किंवा भुलीचे इंजेक्शन देतात. जागेवरचे केस काढून, स्वच्छ करून कातडी आणि हाडावरचे आवरण बधिर करतात. मग खांद्याजवळच्या, कमरेच्या किंवा मांडीच्या हाडात जाड सुई घालून थोडी मज्जा ओढतात. ती लवकर गोठते, म्हणून काचपट्ट्या लगेच बनवाव्या लागतात. कधी हाडाचा बारीक तुकडाही घेतात. तो आधी मऊ करून तपासावा लागतो, त्यामुळे त्याचा अहवाल उशिरा येतो. त्याच दिवशीचे सीबीसी सोबत असावेच. त्याशिवाय मज्जेच्या अहवालाचा नीट अर्थ लागत नाही.

जाणत्या हाताने केली तर ही चाचणी बरीच सुरक्षित आहे. दोन-चार दिवस लंगडणे, थोडे दुखणे, क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. फार अशक्त जनावराला भुलीचा धोका जास्त. घरी आल्यावर जागा कोरडी ठेवा, चाटू देऊ नका. सूज, पू, रक्त दिसले तर लगेच परत न्या.

सही करण्याआधी हे पाच प्रश्न

1. सीबीसी, काचपट्टी आणि गोचीडतापाची तपासणी झाली का? अहवाल मला द्या.
2. या चाचणीतून तुम्हाला काय शोधायचे आहे?
3. उत्तर काहीही आले तरी औषध तेच राहणार आहे का?
4. भूल, सुई, प्रयोगशाळा मिळून एकूण खर्च किती?
5. चाचणी न करता आधी उपचार करून पाहता येतील का, आणि त्यात धोका काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो, तेच राहील" असे आले तर कर्ज काढू नका. नकार देणे म्हणजे माया कमी असणे नव्हे. मी माणसांच्या वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले आहे, आपली माणसे कागद न वाचता अंगठा देतात, कारण विचारले तर डॉक्टर रागावतील अशी भीती असते. चांगला डॉक्टर प्रश्नावर रागावत नाही. संमतीपत्र मराठीत समजावून मागा.

घरात काय टाळायचे?

द्राक्षबागेत मारायचे फवारणीचे औषध गोचिडीसाठी कुत्र्याच्या अंगावर लावू नका. कुत्रा ते चाटतो, त्याला विषबाधा होते, आणि त्याला कुशीत घेणाऱ्या लेकरालाही धोका असतो. आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन जनावराला देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉल जीवघेणी ठरते. कुत्री गाभण राहू नये म्हणून इस्ट्रोजेनचे इंजेक्शन मागू नका. त्याने मज्जाच दबते. नसबंदी हा सुरक्षित मार्ग आहे. गोचीड अंगापेक्षा भिंतीच्या फटीत आणि गोणपाटात जास्त असते. फटी बुजवा, गोणपाट उन्हात टाका किंवा जाळा, आणि अंगावरचे औषध डॉक्टरांना विचारूनच आणा.

आपली मागणी

नाशिकला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. शेळ्या-गाईंसाठी फिरत्या पथकाचा 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. मुंबईत परळला 1886 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड आजार असेल तर तिथे पाठवता येईल का, हे जरूर विचारा. पण नाशिकहून परळला आजारी जनावर न्यायचे म्हणजे मजुरीचा खाडा आणि गाडीभाडे. म्हणून प्रत्येक सरकारी पशुदवाखान्यात निदान सीबीसी यंत्र, सूक्ष्मदर्शक आणि ते वापरणारा माणूस असलाच पाहिजे. ज्याच्या जवळ पैसा नाही त्याच्या जनावराला पहिली साधी तपासणीच मिळत नाही, आणि मग गोष्ट थेट शेवटच्या, महागड्या चाचणीवर जाते. हा अन्याय आहे. वस्तीतल्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी सह्या गोळा करून ही मागणी जिल्हा परिषदेकडे लेखी द्यावी.

तोवर एक काम आजच करा. आपल्या जनावराची एक वही घाला. जंताचे औषध कधी दिले, लस कधी टोचली, गोचीड कधी दिसली, कोणती गोळी किती दिवस दिली, सगळे तारखेसह लिहा. घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडे ही वही सोपवा. अनेकदा त्या वहीतच आजाराचे कारण सापडते आणि हाडात सुई घालण्याची वेळच येत नाही.

जय भीम.