चावी कोण देतो?

कल्पित जगातल्या चावीच्या यंत्रांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो: हा सगळा पोरखेळ आहे. चावीवर चालणारी माणसं, गाड्या, विमानं विज्ञान कळणाऱ्याने गंभीरपणे वाचायची तरी कशी? आक्षेपाला हिशेबाचा आधार आहे. एक किलो पोलादी स्प्रिंग कितीही पिळली तरी तिच्यात मावते काही शे ज्यूल ऊर्जा. एक किलो पेट्रोलमध्ये असते सुमारे साडेचार कोटी ज्यूल. आकडे मला मान्य आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

ताकद कमी म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे 460 अंश सेल्सिअस तापमान आहे आणि दाब पृथ्वीच्या जवळपास नव्वदपट. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा 13 तिथे 1982 मध्ये उतरलं आणि 127 मिनिटं टिकलं. अशा भट्टीत नेहमीची इलेक्ट्रॉनिक्स तग धरत नाही, म्हणून नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एका वेगळ्याच गाडीचा अभ्यास झाला: वाऱ्यावर फिरणारी चक्की, ऊर्जा साठवायला स्प्रिंग आणि निर्णय घ्यायला यांत्रिक रचना. ती गाडी शुक्रावर गेलेली नाही. पण ज्या कल्पनेवर अंतराळ अभियंते डोकं लावतात, तिला कथाकाराने हात लावला की लगेच पोरखेळ कसा होतो?

आक्षेपकांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. स्टीमपंक या वाफेच्या यंत्रयुगात रमणाऱ्या कथाप्रकाराच्या नावाखाली टोपीला, चष्म्याला, जहाजाला पितळी चाकं डकवणारं लिखाण ढिगाने झालं आहे. चाकं फिरत राहतात. ती फिरवतं कोण, हे कुणी विचारत नाही. असलं लिखाण मलाही सहन होत नाही. पण तिथे दोष चावी विसरणाऱ्या लेखकाचा आहे.

एल. फ्रँक बॉम ती विसरला नाही. त्याच्या 1907 च्या ‘ओझ्मा ऑफ ऑझ’मधला टिकटॉक हा तांब्याचा गोलमटोल यंत्रमानव. विचारांची चावी डाव्या काखेखाली, बोलण्याची उजव्या काखेखाली, हालचालीची पाठीच्या मधोमध. तिन्ही वेगवेगळ्या संपतात. म्हणजे डोकं चालू असताना हातपाय थिजू शकतात. आणि स्वतःला चावी देणं त्याला जमत नाही. डोरोथीसारख्या लहान मुलीने ती फिरवली तरच हा गडी उभा राहतो. सामर्थ्य आणि परावलंबन एकाच धडावर इतकं उघड दाखवणं दुसऱ्या कुठल्या यंत्राला साधलं असतं? विजेचा रोबो भिंतीतल्या तारेवर जगतो आणि वीजघर कथेच्या बाहेर राहतं. चावीच्या यंत्राला मात्र कुणाचा तरी हात लागतोच, आणि तो हात कथेत यावाच लागतो.

याच हाताचं राजकारण पाओलो बाचिगालुपीने 2009 च्या ‘द विंडअप गर्ल’मध्ये मांडलं. विज्ञानकथेचे ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार या कादंबरीला मिळाले. तिच्यातल्या बँकॉकमध्ये स्वस्त खनिज तेलाचा जमाना सरला आहे आणि ऊर्जा स्प्रिंगांत साठवली जाते. त्या पिळायला जनुकं बदलून घडवलेले महाकाय हत्ती जुंपलेले आहेत. हत्तीला चारा हवा, चाऱ्याला बियाणं हवं आणि बियाण्यावर परदेशी कंपन्यांचा डोळा. एका स्प्रिंगचा पीळ असा थेट शेतापर्यंत जाऊन पोचतो. कारखान्यात एक हत्ती पिसाळतो तेव्हा फक्त माणसं चिरडली जात नाहीत, ऊर्जेचा झराच थांबतो.

यावर उत्तर येतं की त्या स्प्रिंगाही खोट्याच. इतकी ऊर्जा पोलादात मावत नाही. बरोबर आहे. त्यासाठी लेखकाने एक काल्पनिक शेवाळ योजलं आहे, त्याचा लेप दिला की स्प्रिंग अफाट ऊर्जा धरते. ही एक सवलत त्याने घेतली, आणि पुढचा हिशेब चोख ठेवला: पीळ सुटला की पुन्हा द्यावा लागतो, तो देणाऱ्याला खायला घालावं लागतं. प्रकाशापेक्षा वेगाने धावणारी अंतराळयानं आपण विज्ञानकथेत पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतली, त्यांच्या इंधनाचं बिल एकदाही मागितलं नाही. ते बिल स्वतःहून वाचकापुढे ठेवणाऱ्या लेखकालाच मग अवैज्ञानिक ठरवायचं?