रुग्णाशी नाते : मैत्रीण

रुग्णालयात दाखल होतानाच्या कागदावर एक लहानसा रकाना असतो, ‘रुग्णाशी नाते’. आई, पती, भाऊ असे काही लिहिले की काम पुढे सरकते. पण जयपूरसारख्या शहरात नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या दोघीजणी एका खोलीत राहत आहेत, एकीचे घर नाशिकला तर दुसरीचे सोलापूरला आहे आणि अपरात्री एकीला मानसोपचारासाठी दाखल करायची वेळ आली, असे समजा. मग त्या रकान्यात ‘मैत्रीण’ एवढेच लिहावे लागते. लिहिताना हात थबकतो. आपल्याला हा अधिकार आहे का? आणि त्याहून मोठा प्रश्न, हे आपल्याला झेपेल का?

आजाराचे नाव ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ असेल, तर हा दुसरा प्रश्न अधिकच बोचतो. मराठीत त्याला सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. १९३८ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अॅडॉल्फ स्टर्न यांनी ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द वापरला. नेहमीच्या कोणत्याच गटात न बसणाऱ्या, जणू सीमारेषेवरच्या रुग्णांसाठी तो होता. नाव टिकले, समजूत मात्र बदलली. या विकारात भावना फार वेगाने आणि फार तीव्रतेने उसळतात, आणि शांत व्हायला वेळ घेतात. आपले माणूस आपल्याला टाकून जाईल ही भीती सतत मनात असते. फोन उचलायला उशीर झाला तरी तिला वाटते, ‘संपले, हिलाही मी नकोशी झाले.’ सकाळी जी मैत्रीण देवासारखी वाटते, तीच संध्याकाळी वैरीण वाटू लागते. उतावळे निर्णय, आतून पोकळ वाटणे आणि कित्येकदा स्वतःला इजा करून घेणे, हेही त्यात येते.

पाहणाऱ्याला वाटते, ही नाटके करते. घरच्यांना वाटते, लाडाने बिघडली. कुणी म्हणते, बाहेरचे काही लागले आहे. जयपूरहून शंभरएक किलोमीटरवर मेहंदीपूर बालाजीचे मंदिर आहे. बाधा उतरावी म्हणून लोक तेथे दूरदूरहून आजारी माणसाला घेऊन येतात. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. मात्र तिच्यापायी डॉक्टरकडे जायचे राहू नये आणि चालू उपचार सुटू नयेत. जयपुरातच सेठी कॉलनीत सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सरकारी मनोचिकित्सा केंद्र आहे.

भेटीची वेळ संपते तेव्हा

या विकारात रुग्णालयातला मुक्काम बहुधा थोड्या दिवसांचा असतो. जिवाला असलेला धोका टळावा, झोप-जेवण रुळावर यावे, पुढच्या उपचारांची दिशा ठरावी, एवढ्यासाठी तो असतो. हा विकार मुळापासून घालवणारी गोळी अजून नाही. औषधे सोबतची उदासी किंवा अस्वस्थता कमी करतात. खरा उपचार म्हणजे दीर्घकाळ चालणारी मानसोपचाराची बैठक.

मग या थोड्या दिवसांत मैत्रिणीने काय करावे? भेटीचा शेवट हा तिच्यासाठी सर्वांत कठीण क्षण असतो. जायला उठले की ती हात धरते, रडते किंवा तोंड फिरवून म्हणते, ‘जा, पुन्हा येऊ नकोस.’ अशा वेळी मन विरघळून माणूस बोलून जातो, ‘रोज येईन, रात्री केव्हाही फोन कर.’ हे वचन चौथ्या दिवशी मोडते आणि तिची जुनी भीती खरी ठरते. त्यापेक्षा ‘मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता येईन’ असे सांगावे आणि पावसापाण्यातही पाचला हजर व्हावे. कमी बोलावे, पण बोललेले पाळावे. तिला मोठ्या शब्दांपेक्षा ही नेमाची पावलेच ओळखू येतात.

ती चिडली तर वाद घालू नये, समजूत काढण्याची घाईही करू नये. ‘तुला फार त्रास होतो आहे, हे मला दिसते’ एवढे पुरे असते. तिची भावना खरी मानायची, पण तिचा प्रत्येक निष्कर्ष खरा मानायचा नाही. डॉक्टर वाईट, परिचारिका दुष्ट, अशा तक्रारी ती करील. त्या नीट ऐकाव्यात. काही गंभीर वाटले तर चौकशीही करावी, पण लगेच कुणाची बाजू घेऊन भांडायला उठू नये.

रात्री फोन येतो, ‘मला आत्ता घेऊन जा.’ रिक्षा करून धावण्याआधी थांबावे. स्वेच्छेने दाखल झालेल्या प्रौढ व्यक्तीला स्वतः मागणी करून घरी जाता येते. मात्र धोका वाटल्यास तपासणीसाठी डॉक्टर तिला २४ तासांपर्यंत थांबवू शकतात. म्हणून तिला सांगावे, ‘आधी डॉक्टरांशी बोल, सकाळी मी येते.’ आणि सकाळी जावे. स्वतःला इजा करण्याची गोष्ट तिने बोलून दाखवली, तर ती कधीही मनात ठेवू नये. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली असली तरी ते डॉक्टरांना सांगावेच.

कायद्यात मैत्रिणीला जागा

आता तो अधिकाराचा प्रश्न. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरे. ज्याला नेमले त्याने मात्र लेखी संमती द्यावी लागते. उपचारांच्या निर्णयात रुग्णाला आधार देणे आणि घरी सोडण्याच्या योजनेत सहभागी होणे, ही त्याची कामे. हा कागद बरे असतानाच करून ठेवावा आणि घरच्यांनाही सांगावा. रुग्णाला ही नेमणूक केव्हाही बदलता येते. ती बदलली तर मनाला लावून घेऊ नये. भेटायला कुणी यावे आणि कुणी नको, हे ठरवण्याचाही तिला हक्क आहे. एखाद्या मंगळवारी ती भेट नाकारील. तेव्हा निरोप ठेवून परत फिरावे आणि शुक्रवारी पुन्हा जावे.

घरी आल्यावर ‘सुटलो एकदाचे’ म्हणून सगळे सैल पडतात. पण पहिले काही आठवडेच जपण्याचे असतात. पुढची तपासणी केव्हा आहे, अडचण आली तर कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून भिंतीला लावावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस चालतो. त्यावर मराठीतही बोलता येते. मैत्रिणीलाही स्वतःचे मन मोकळे करायला तो उपयोगी पडेल. कारण तिलाही झोप हवी, नोकरी हवी, हसणे-खेळणे हवे. एकटीने सगळा भार घेतला तर दोघीही बुडतात. घरच्यांना, आणखी एक-दोन मैत्रिणींना वाटेकरी करून घ्यावे.

आणि शेवटी आशेचे काय? १९६१ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात सतरा वर्षांची मुलगी दाखल झाली. ती तेथे सव्वीस महिने होती. तिचे नाव मार्शा लाइनहॅन. पुढे तिनेच या विकारावर ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ हा उपचार घडवला. आज तो जगभर वापरला जातो. आपण स्वतः रुग्ण होतो हे तिने २०११ साली त्याच संस्थेत उभे राहून सांगितले. अमेरिकेतच मेरी झॅनारिनी यांनी रुग्णालयात राहिलेल्या २९० जणांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. दहा वर्षांत त्यांपैकी ९३ टक्के लोकांची लक्षणे किमान सलग दोन वर्षे तरी ओसरलेली दिसली. नोकरी आणि नाती यांची घडी बसायला मात्र अधिक वेळ लागतो. म्हणजे वाट लांबची आहे, पण बंद नाही.

त्या लांबच्या वाटेवर मैत्रिणीने डॉक्टर व्हायचे नसते, आईही व्हायचे नसते. मंगळवारी पाच वाजता दारात उभे राहायचे असते. रकान्यात लिहिलेला तो एक शब्द खरा करायला तेवढे पुरते.