बचत जनतेची झाली, सरकारची कधी?

साप्ताहिक स्तंभ : ताळेबंद
– मुनीम

२१ सप्टेंबर २०२५ रोजी संध्याकाळी पाच वाजता पंतप्रधान राष्ट्राला उद्देशून बोलले. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू होणार होते. बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे गेले, मुख्यतः पाच आणि अठरा उरले. पंतप्रधानांनी याला ‘बचत उत्सव’ म्हटलं. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा आयकर आधीच माफ झाला होता. दोन्ही मिळून लोकांचे वर्षाला अडीच लाख कोटी रुपये वाचतील, असा त्यांचा हिशेब होता.

हे भाषण मला मनापासून पटलं. घामाचा पैसा ज्याचा त्याच्याच खिशात राहावा आणि सरकारनं नडेल तेवढाच मागावा, असं मानणाऱ्यांपैकी मी एक आहे. ट्रॅक्टर बारावरून पाच टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरचे टायर अठरावरून पाचवर आले, ठिबक आणि तुषारचे संच स्वस्त झाले, पोरांच्या वह्या करमुक्त झाल्या. साबण, तेल, टूथपेस्ट प्रत्येक घरात लागतं. हा दिलासा द्यायला कुठलं पोर्टल लागलं नाही, केवायसी लागली नाही, कुणाच्या शिफारशीचं पत्र लागलं नाही. करकपातीचं मोठेपण इथंच आहे. ती मधल्या माणसाशिवाय पोचते.

उणिवा राहिल्या आहेत. फवारणीच्या रासायनिक औषधांवर अठरा टक्के तसेच आहेत. खासगी शिकवणीवरही अठरा टक्के तसेच आहेत, आणि लातूरच्या क्लाससाठी जमीन गहाण टाकणाऱ्या बापाला ते चांगले जाणवतात. तरीही दिशा बरोबर आहे.

पण वहीला दोन बाजू असतात. भाषणात जमेची बाजू कमी करण्याचं धाडस होतं, खर्चाच्या बाजूबद्दल अवाक्षर नव्हतं. दर घटल्यानं सुमारे ४८ हजार कोटींचा महसूल घटेल, असा खुद्द केंद्राचाच अंदाज होता. त्यातली तूट राज्यांच्याही वाट्याला येणार. आडात कमी झालं तर पोहऱ्यात कुठून येईल? लोकांना बचत शिकवणाऱ्या सरकारांनी, दिल्लीच्या आणि मुंबईच्याही, स्वतःचा हात आखडता घेतला नाही, तर आज सोडलेला कर उद्या कर्जाच्या रूपानं आमच्याच नातवंडांकडून वसूल होईल.

महाराष्ट्राचा हिशेब पाहा. मार्च २०२५मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. म्हणजे घरखर्चातच ४५ हजार ८९१ कोटींची तूट. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींच्या पुढे. मार्च २०२६ अखेर कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी होईल, हे सरकारनंच लिहून दिलेलं आहे. अर्थसंकल्पाला चार महिनेही झाले नव्हते, तोच पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. इतक्या लवकर एवढ्या पुरवण्या लागत असतील, तर मूळ अर्थसंकल्प कशासाठी मांडला, हा प्रश्न सभागृहात घसा ताणून विचारला जायला हवा होता.

पंतप्रधान बोलत होते त्याच आठवड्यात मांजरा, तेरणा, गोदावरी फुगल्या होत्या. लातूर, नांदेडमध्ये काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, नदीकाठची काळी माती खरवडून गेली होती. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात पाण्यानं पीक नेलं.

अशा वेळी सरकारनं तिजोरी उघडलीच पाहिजे. जपून खर्च करा म्हणणारे लोक संकटात हात बांधून बसा म्हणतात, असा एक गैरसमज मुद्दाम पसरवला जातो. तसं नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेचं साहाय्य घेतलं गेलं. त्यात उणिवा होत्या, घरांच्या आखणीबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. पण त्या पैशाला गावाचं नाव होतं, कामाचं नाव होतं आणि काम संपवण्याची मुदत होती. संकटासाठी हाताशी पैसा हवा म्हणून तर बरकतीच्या वर्षात राखून ठेवायचा असतो.

२०२५च्या पुरानंतर ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आकडा मोठा वाटतो, पण तो सोडवून पाहायला हवा. कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८ हजार ५००, हंगामी बागायतीला २७ हजार, बारमाही बागायतीला ३२ हजार ५००. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, आणि तीन लाखांपर्यंतचं काम रोजगार हमीतून. रस्ते, पूल, पायाभूत कामांचे पैसेही त्याच बेरजेत. विम्यातून हेक्टरी सतरा हजारांपर्यंत मिळतील, असंही सांगितलं गेलं. रोजगार हमी ही आधीपासूनची योजना होती आणि विमा हा विमेदाराचा हक्क आहे. ते पॅकेजमध्ये धरले की बेरीज फुगते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती मात्र तेच हेक्टरी साडेअठरा हजार पडतात.

विम्याची गोष्ट तर खर्चाच्या उधळपट्टीचा उत्तम धडा आहे. २०२३ साली एक रुपयात पीकविमा आला. शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा, बाकी हप्ता राज्य भरणार. फुकटाला धरबंध नसतो. शासकीय जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबारावर विमे उतरवले गेले, बोगस अर्ज लाखांत गेले. मग २०२५ साली सरकारनं ती योजना गुंडाळली. हप्ता पुन्हा शेतकऱ्यावर आला, खरिपाला दोन टक्के. त्याचं दुःख नाही, आपल्या वाट्याचा हप्ता आपण भरावा हे योग्यच आहे. पण त्याच फटक्यात स्थानिक आपत्तीचं आणि काढणीपश्चात नुकसानीचं संरक्षणही काढून टाकलं आणि भरपाई फक्त पीककापणी प्रयोगावर ठेवली. आणि त्याच वर्षी ढग फुटले. चोरांना दार उघडं ठेवलं सरकारनं, शिक्षा झाली प्रामाणिक शेतकऱ्याला. दोन टक्के हप्ता पहिल्या दिवसापासून घेतला असता, तर बोगस विमेदार आलेच नसते आणि खऱ्याचं छत्र शाबूत राहिलं असतं.

‘लाडकी बहीण’ योजनेबाबतही तोच क्रम. दीड हजार रुपयांनी गरीब बाईच्या हातात स्वतःचा पैसा आला, हे मी गावोगाव पाहतो आणि त्याला विरोध करणार नाही. पण छाननी आधी करायची की निवडणूक झाल्यावर? सव्वीस लाखांवर लाभार्थी अपात्र निघाले, त्यात चौदा हजारांवर पुरुष होते. २०२५-२६मध्ये या एका योजनेला ३६ हजार कोटी ठेवले होते. त्यातला अपात्रांना गेलेला प्रत्येक रुपया कुठल्या तरी बंधाऱ्याचा, कुठल्या तरी शाळेच्या छताचा होता.

लातूरच्या अडत बाजारात सोयाबीनच्या हंगामात उभं राहून पाहावं. पोतं फोडलं की आधी वास येतो, भिजून वाळलेल्या मालाचा. अडत्या मूठभर दाणे तळहातावर पसरतो, काळपट दाणे बोटानं बाजूला सारतो, मग ओलावा मोजायच्या यंत्रात घालतो. आकडा बाराच्या वर गेला की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, कारण सरकारी खरेदीची अट बारा टक्क्यांची आहे. २०२५च्या हंगामात हमीभाव ५ हजार ३२८ होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास, डागी मालाला त्याहून खाली. शासकीय खरेदी नोव्हेंबरच्या मध्यावर. तोवर थांबायची ऐपत कुणाची? हमालीचे, तोलाईचे पैसे कापून हातात हिशेबाची पट्टी येते, आणि तो माणूस ती पट्टी तिथंच उभं राहून दोनदा वाचतो. त्याला कुठला आकडा कुठून आला ते विचारायचं असतं. राज्याच्या अर्थसंकल्पाकडेही आपण असंच पाहायला हवं, दोनदा.

आता नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडकडे या. लेंडी प्रकल्प १९८०च्या दशकातला. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र, आताचा तेलंगणा, यांचा संयुक्त. मुखेड, देगलूरच्या कोरड्या शिवारांना पाणी मिळावं म्हणून आखलेला. सुरुवातीचा अंदाज साठ कोटींच्याही आतला होता. आता आकडा हजार कोटींच्या कितीतरी पुढे गेला आहे. पिढ्या उलटल्या. जमिनी गेलेले लोक म्हातारे झाले, काही मावेजाची वाट पाहतच गेले. बुडित गावांचं पुनर्वसन अर्धवट असताना २०२५मध्ये धरणात पाणी अडवलं गेलं. १७ ऑगस्टच्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली ही गावं झोपेत असताना पाण्यानं वेढली गेली. हसनाळमध्ये माणसं दगावली, गोठ्यात बांधलेली जनावरं जागेवर मेली. सैन्याला बोलवावं लागलं. दोनच दिवस आधी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांचं १०३ मिनिटांचं भाषण झालं होतं, त्यात लाख कोटींच्या रोजगार योजनेची घोषणा होती.

पुनर्वसनाचा राहिलेला पैसा वेळेत दिला असता, तर ती माणसं पाणी चढलं तेव्हा त्या गावात नसतीच. खर्च वाचवणं आणि खर्च रखडवणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रखडलेलं काम हीच सगळ्यात मोठी उधळपट्टी, कारण ते पैसा खातं, वर्षं खातं आणि शेवटी माणसं खातं. म्हणून माझा आग्रह आहे की हातातलं पुरं होईपर्यंत मराठवाड्यात नव्या कामाचा नारळ फोडू नये. २०१६ साली औरंगाबादच्या मंत्रिमंडळ बैठकीत ४९ हजार कोटींची घोषणा झाली. २०२३च्या १६ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या सांगतेला, पुन्हा ४५ हजार कोटींहून जास्तीची. पहिल्यातलं किती झालं, याचा गावनिहाय तक्ता दुसरी घोषणा करण्यापूर्वी मांडला गेला नाही.

आणि आता शक्तिपीठ महामार्ग. २०२५च्या आराखड्यात पवनार ते पत्रादेवी ८०२ किलोमीटर, ८६ हजार कोटींच्या घरात. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळानं नियोजन आणि भूसंपादनासाठी २० हजार ७८७ कोटींना मंजुरी दिली, त्यासाठी हुडकोकडून १२ हजार कोटींचं कर्ज. अर्धापूरच्या केळीच्या बागांतून तो जाणार, म्हणून तिथले शेतकरी मोजणी अडवून उभे राहिले. मी त्यांच्या बाजूनं आहे. नागपूरकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग अर्धापूर, नांदेड, लातूर, औसा, तुळजापूर असाच जातो आणि त्यावर अलीकडेच मोठा खर्च झाला आहे. देवदर्शनाला जाणाऱ्याला तो पुरतो. ज्याची जमीन त्याच्या संमतीवाचून घ्यायची आणि तीही कर्ज काढून, यात विकास कमी आणि हट्ट जास्त आहे. ऋण काढून सण करू नये, हे आमच्या आज्या सांगत आल्या.

याच नांदेडनं एकेकाळी राज्याला शिस्त शिकवली होती. १९८६ साली शंकरराव चव्हाण दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले आणि महाराष्ट्रात शून्याधारित अर्थसंकल्प आला. गेल्या वर्षी इतके होते म्हणून यंदा दहा टक्के वाढवा, ही पद्धत मोडायची. प्रत्येक योजनेनं शून्यावरून सुरुवात करायची, आपण का जगावं हे सिद्ध करायचं, मगच पैसा. ते काँग्रेसचे होते आणि माझं मत त्या पक्षाला क्वचितच गेलं. पण हिशेबाच्या बाबतीत या मातीतून असा कडक माणूस पुन्हा निघाला नाही. विष्णुपुरीचं पाणी आणि जायकवाडीचं काम त्यांच्या खात्यावर आहे. खर्चाला नाही म्हणता येणारा माणूसच योग्य खर्च पुरा करू शकतो, याचा तो पुरावा आहे.

कर्जमाफीबद्दल निर्णय ३० जून २०२६पर्यंत घेऊ, असं सरकारनं २०२५मध्ये सांगितलं. याचा परिणाम लगेच दिसला. गावच्या सोसायटीत जो दरवर्षी मार्चला पैसे भरत होता, तोही थांबला. पुरात ज्याचं सगळं गेलं त्याचं कर्ज सरकारनं जरूर उचलावं, नाव घेऊन, पंचनामा पाहून. पण २००८, २०१७, २०१९ असं दर काही वर्षांनी सरसकट माफ करत गेलं की फेडणारा मूर्ख ठरतो आणि जिल्हा बँक नवं पीककर्ज द्यायला कचरते. मग तोच शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जातो.

 पुढच्या अधिवेशनात पुन्हा पुरवणी मागण्या येतील. नांदेडचे नऊ आणि लातूरचे सहा, असे आमचे पंधरा आमदार तिथं असतील, बहुतेक सत्ताधारी बाकांवर. त्यांनी भाषणं करू नयेत. मागण्यांचं पुस्तक हातात आलं की त्यात लेंडीच्या पुनर्वसनाची ओळ शोधावी, त्यापुढची रक्कम आणि तारीख वाचावी. ती ओळ नसेल तर शक्तिपीठाच्या ओळीवर हात वर करण्याआधी उठून उभं राहावं आणि उत्तर मिळेपर्यंत बसू नये.